त्वचेवर लावायची व्हिटॅमिने आणि त्यांपासून होणारा त्रास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिटॅमिन सीची सीरम, रेटिनॉलची (व्हिटॅमिन एचे रूप) क्रीम आणि नायसिनामाइडच्या (व्हिटॅमिन बी३चे रूप) बाटल्या आता पुण्यात पेठेतल्या लहान औषधाच्या दुकानातही दर्शनी फडताळावर असतात. त्या घेऊन जाणाऱ्यांपैकी काहीजण थोड्या आठवड्यांनी चेहऱ्यावरची आग, खाज किंवा काळपटपणा दाखवायला परत येतात. औषधविक्रीच्या व्यवसायात काउंटरवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानांवर पडतात, ते येथे घेतले आहेत. ही उत्तरे वाचून डॉक्टरांकडे जाणे मात्र टाळू नये.

व्हिटॅमिन सीचे सीरम लावले की चेहरा चुणचुणतो. ही ॲलर्जी आहे का?

बहुतेक वेळा नाही. या सीरममधील मूळ घटक, म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक आम्ल, त्वचेत शिरावे यासाठी द्रावणाचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी, तितका पदार्थ अधिक आम्लधर्मी) ३.५ च्या खाली ठेवावा लागतो. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू मात्र ५ च्या आसपास असतो. त्यामुळे सीरम लावल्यावर मिनिटभर चुणचुण होऊन ती आपोआप विरली, तर काळजीचे कारण नाही. ती दहा मिनिटांनंतरही टिकली, दुसऱ्या दिवशी नुसते पाणी लागले तरी चेहरा झोंबू लागला किंवा नाकाच्या बाजूला आणि ओठांच्या कोपऱ्यांत पापुद्रे सुटू लागले, तर तो दाह आहे आणि तेथे थांबायला हवे.

प्रमाण २० टक्क्यांच्या वर नेल्याने आम्लाचे शोषण वाढत नाही, हे प्रयोगांतून दिसलेले आहे. वाढतो तो दाह. म्हणून पंचवीस-तीस टक्क्यांच्या बाटलीसाठी जादा पैसे मोजू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. नाजूक त्वचेला १० टक्के पुरेसे होते. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट किंवा मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट ही रूपे कमी आम्लधर्मी असल्यामुळे फारशी झोंबत नाहीत. ३-ओ-इथाइल ॲस्कॉर्बिक आम्ल हे रूपही सौम्य मानले जाते, परंतु त्याची खरी ॲलर्जी झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. तेव्हा ‘सौम्य’ हा शब्द वाचून गाफील राहू नये.

बाटलीतील द्रव पिवळा होत होत तपकिरी झाला असेल, तर त्यातील आम्लाचे ऑक्सिडीकरण झालेले असते. असा द्रव उपयोगाचा राहत नाही आणि त्वचेवर पिवळट डागही पाडतो. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाच्या खिडकीत ठेवलेली बाटली फार लवकर या अवस्थेला पोचते.

‘जळतंय म्हणजे काम करतंय’ असे मैत्रीण म्हणते. ते खरे आहे का?

नाही, आणि या सर्व प्रश्नांत हाच समज सर्वांत अधिक नुकसान करतो. जळजळ ही त्वचेच्या बाह्य आवरणाला इजा झाल्याची खूण आहे, परिणामाची नव्हे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत दाह झाला की रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी अधिक मेलॅनिन तयार करू लागतात आणि दाह शमल्यानंतरही त्या जागी तपकिरी किंवा राखाडी डाग उरतो. यालाच दाहोत्तर काळपटपणा म्हणतात. तो काही महिने, रंगद्रव्य खोलवर उतरले असेल तर वर्षाहूनही अधिक काळ टिकतो. म्हणजे डाग घालवण्यासाठी आणलेले सीरम जळत असतानाही चिकाटीने लावत राहिले, तर त्यातूनच नवे डाग उठतात. गोऱ्या त्वचेसाठी लिहिलेल्या परदेशी सूचनांत या धोक्याला फारसे महत्त्व दिलेले नसते. आपल्या लोकांसाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

माझा रंग सावळा आहे आणि लाली दिसत नाही. मग त्रास सुरू झाला हे ओळखायचे कसे?

डोळ्यांपेक्षा स्पर्शावर आणि संवेदनेवर विसंबावे. चेहरा ताणल्यासारखा वाटणे, नेहमीच्या साबणाने किंवा घामाने झोंबणे, बोट फिरवल्यावर खरखरीतपणा जाणवणे, खाज येणे आणि कातडीवर विचित्र चकाकी येणे या खुणा लालीच्या कितीतरी आधी कळतात. सावळ्या त्वचेवर लाली जांभळट, तपकिरी किंवा करड्या छटेत उमटते आणि पुष्कळजण तिला ‘टॅनिंग’ समजून त्यावर आणखी सीरम लावतात. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ उभे राहून, गालाची आणि कानामागच्या त्वचेची छटा ताडून पाहिली, तर फरक लवकर लक्षात येतो.

दाह आणि ॲलर्जी यांत नेमका फरक काय?

दाह म्हणजे पदार्थाने त्वचेला थेट केलेली इजा. तो कोणालाही होऊ शकतो, प्रमाण व वारंवारता वाढली की वाढतो आणि बहुधा पदार्थ लावला त्याच जागेपुरता राहतो. त्यात आग अधिक असते, खाज कमी.

ॲलर्जी हा प्रतिकारसंस्थेचा प्रतिसाद आहे. पहिल्यांदा एखादा पदार्थ लावला, तर शरीराला त्याची ओळख पटून संवेदनशीलता निर्माण होण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. काही जणांत तर अनेक महिने निर्धास्त वापरल्यानंतर ती निर्माण होते. ‘मी वर्षभर हेच लावते, आत्ताच कसे झाले?’ या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. एकदा संवेदनशीलता आली की पुढच्या प्रत्येक वेळी एक ते तीन दिवसांत खाज, बारीक पुळ्या, सूज आणि कधी पाणी सुटणे असे प्रकार दिसतात. पुरळ लावलेल्या जागेबाहेर, पापण्यांवर आणि मानेवरही पसरते. प्रमाण अगदी कमी केले तरी ॲलर्जी थांबत नाही आणि ती सामान्यतः आयुष्यभर राहते. म्हणूनच दाहात उत्पादन कमी करून पुन्हा वापरता येते, ॲलर्जीत ते कायमचे सोडावे लागते.

तिसरा प्रकार दुर्मीळ आहे. लावल्यापासून काही मिनिटांत गांधी, म्हणजे खाजणारे फुगवटे, उठतात. गांधींबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला किंवा श्वास अडू लागला, तर वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रेटिनॉल सुरू केल्यापासून चेहरा सोलवटला आहे. बंद करू का?

व्हिटॅमिन ए गटातील पदार्थांना रेटिनॉइड म्हणतात. त्यांतील ट्रेटिनॉइन हे प्रत्यक्ष रेटिनॉइक आम्ल आहे; अमेरिकेत मुरुमांसाठी त्याला १९७१ मध्ये मान्यता मिळाली. रेटिनॉलचे त्वचेत आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक आम्ल होते, म्हणून ते तुलनेने सौम्य असते. पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत कोरडेपणा, पापुद्रे आणि हलकी आग होणे अपेक्षित आहे आणि त्वचेला सवय झाली की हे ओसरते. परंतु त्वचा तडकून चिरा पडल्या, पाणी सुटले, सूज आली किंवा रात्री आगीने झोप लागेना, तर याला सवय होणे म्हणत नाहीत. अशा वेळी औषध बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

बहुतेकांचा त्रास मात्रेतून आणि घाईतून येतो. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढी क्रीम पुरते. चेहरा धुतल्यावर वीस मिनिटे कोरडा होऊ द्यावा, कारण ओलसर त्वचेत ती अधिक वेगाने शिरते. सुरुवात दर तिसऱ्या रात्री करावी. आधी मॉइश्चरायझरचा एक थर, मग क्रीम आणि वर पुन्हा मॉइश्चरायझर लावला, तर परिणाम थोडा मंदावतो पण आग पुष्कळ कमी होते. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे यांना आधीच व्हॅसलीन लावून ठेवावे. त्याच रात्री ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्ल लावू नये. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या नियमानुसार तेथे चेहऱ्याच्या उत्पादनात रेटिनॉलचे प्रमाण ०.३ टक्के आणि अंगाला लावायच्या लोशनमध्ये ०.०५ टक्के यांहून अधिक चालत नाही. ही मर्यादा शरीरात जाणाऱ्या एकूण व्हिटॅमिन एचा विचार करून ठरवली आहे, तरी एक टक्क्याची बाटली हातात घेताना हा आकडा आठवावा.

ट्रेटिनॉइन हे आपल्याकडे अनुसूची एचमधील औषध आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदारावर रागावू नये.

मुरुमे वाढली तर ‘पर्जिंग’ आहे, असे सांगतात. किती दिवस वाट पाहावी?

रेटिनॉइडने त्वचेच्या पेशींची उलाढाल वाढते, म्हणून आत दडलेली मुरुमे पहिल्या चार-सहा आठवड्यांत वर येऊ शकतात. ती नेहमीच्याच जागी येतात आणि लवकर बसतात. व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई किंवा नायसिनामाइड यांना हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. त्यांच्यानंतर नव्या जागी, एकसारख्या आणि खाजणाऱ्या पुळ्या आल्या, तर ती प्रतिक्रिया समजून थांबावे.

व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून चेहऱ्याला किंवा टाक्यांच्या व्रणाला लावतात. ते चालते का?

ही कॅप्सूल गिळण्यासाठी बनवलेली असते. तिच्यातील घट्ट तेल चेहऱ्यावर छिद्रे बुजवते आणि मुरुमांची प्रवृत्ती असलेल्यांना त्याचा हमखास त्रास होतो. व्रणांबाबत तर पुरावा उलट दिशेचा आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १५ रुग्णांवरील एका छोट्या अमेरिकी अभ्यासात व्हिटॅमिन ईमुळे बहुतेकांचे व्रण सुधारले नाहीत किंवा अधिकच वाईट दिसू लागले आणि एक तृतीयांश रुग्णांना संपर्कजन्य त्वचादाह झाला. त्याआधी, १९९२ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये टोकोफेरिल लिनोलिएट हा व्हिटॅमिन ईचा प्रकार असलेल्या सौंदर्यप्रसाधनांमुळे सुमारे हजार लोकांच्या अंगावर केसांच्या मुळाशी पुरळ उठले होते. शस्त्रक्रियेनंतर टाके काढलेल्या आईच्या पोटावर आजी प्रेमाने हे तेल चोळते, तेव्हा तिला थांबवणे अवघड जाते. पण ताज्या व्रणावर ते लावू नये. व्रणासाठी सिलिकॉनची जेल किंवा पट्टी डॉक्टरांना विचारून वापरावी.

नायसिनामाइड तर सर्वांना चालते ना?

बहुतेकांना चालते. अभ्यास प्रामुख्याने दोन ते पाच टक्क्यांवर झालेले आहेत, दुकानात मात्र दहा टक्केच अधिक दिसते. चेहरा तापून लाल होत असेल, तर उत्पादनात निकोटिनिक आम्लाचा, म्हणजे व्हिटॅमिन बी३च्याच दुसऱ्या रूपाचा, अंश असण्याची शक्यता असते. प्रमाण कमी करून किंवा उत्पादन बदलून पाहावे.

पँथेनॉल, व्हिटॅमिन डी, व्हिटॅमिन के यांचे काय?

पँथेनॉल म्हणजे व्हिटॅमिन बी५चे रूप. बाळांच्या क्रीममध्येही ते असते आणि त्याची ॲलर्जी क्वचित का होईना, होते. जखमेवर लावलेल्या ‘शांत करणाऱ्या’ मलमानेच पुरळ वाढत असेल, तर हे नाव तपासावे. कॅल्सिपोट्रिऑल हे व्हिटॅमिन डीसारखे औषध सोरायसिससाठी देतात; चेहऱ्यावर आणि जांघेत ते झोंबते, आणि आठवड्यात १०० ग्रॅमपेक्षा अधिक वापरल्यास रक्तातील कॅल्शियम वाढू शकते. व्हिटॅमिन के१ सौंदर्यप्रसाधनांत वापरण्यास युरोपीय संघाने ॲलर्जीच्याच कारणावरून २००९ मध्ये बंदी घातली. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी बाहेरून मागवलेल्या क्रीमवर हे नाव शोधावे.

बाजारातील सीरमपेक्षा घरचे लिंबू सुरक्षित नाही का? त्यातही व्हिटॅमिन सी असतेच.

लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास असतो, म्हणजे तो बाटलीतील सीरमहूनही अधिक आम्लधर्मी असतो. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले, तर एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे चट्टे आणि फोड उठतात आणि मागे गडद पट्टे राहतात. सकाळी लिंबू चोळून सिंहगडावर निघालेल्यांना हे घडू शकते. लिंबू सरबतात घालावे.

त्रास व्हिटॅमिनाचाच आहे की बाटलीतील दुसऱ्या कशाचा?

पुष्कळदा दुसऱ्याच कशाचा असतो. सुगंधद्रव्ये, लव्हेंडर किंवा संत्र्याच्या सालीचे तेल, प्रॉपिलीन ग्लायकॉल हे द्रावक आणि परिरक्षके (प्रिझर्व्हेटिव्ह) ही ॲलर्जीची नेहमीची कारणे आहेत. मिथिलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाने इतका त्रास दिला की न धुता त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांतून युरोपने ते काढून टाकले. ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या बाटलीत सुगंधी तेले अधिक असू शकतात. कपाळावर मधोमधच पांढरा किंवा काळा डाग पडत असेल, तर सीरमआधी टिकलीच्या डिंकावर संशय घ्यावा.

बाटली घेताना बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी पाहावी. गर्दीच्या बाजारात निम्म्या किमतीत मिळणारे, खोक्याशिवायचे सीरम घेऊ नये; ज्याचे घटकच माहीत नाहीत, त्याच्या त्रासाचे कारण डॉक्टरांनाही शोधता येत नाही.

आमच्या रोजच्या सवयींमुळे त्रास वाढतो का?

वाढतो, आणि पुण्यात याची काही ठळक कारणे आहेत. दुचाकीवर जाताना चेहऱ्याभोवती घट्ट बांधलेला स्कार्फ ऊन आणि धूळ अडवतो हे खरे, परंतु आत घाम साचतो, कापड गालांवर घासते आणि नुकतेच लावलेले सीरम बंद झाकल्यासारखे अधिक खोल शिरते. त्यामुळे सीरम लावल्यावर ते पूर्ण सुकू द्यावे, स्कार्फ सुती आणि रोज धुतलेला असावा, आणि चेहरा आधीच चिडलेला असेल तर त्या दिवसांत सकाळचे सीरम टाळावे.

डिसेंबर-जानेवारीतील कोरड्या हवेत जी मात्रा झोंबते, तीच जुलैत सहज चालते; म्हणून रेटिनॉलची सुरुवात कडाक्याच्या थंडीत करू नये. टँकरच्या किंवा बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने चेहरा वारंवार धुणाऱ्यांची त्वचा मुळातच कोरडी असते.

रेटिनॉइड चालू असताना चेहऱ्याचे वॅक्सिंग केले, तर कातडीचा वरचा थर मेणाबरोबर निघून येतो. किमान आठवडाभर आधी क्रीम थांबवावी आणि ब्यूटी पार्लरमध्ये तसे सांगावे. थ्रेडिंगलाही हीच काळजी लागू आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे उटणे लावायचे, ते सोलवटलेल्या चेहऱ्यावर चोळू नये, अंगालाच लावावे. लग्नातील हळद आणि रंगपंचमीचे रंग यांच्याबाबतही हेच. लग्न ठरले की महिनाभर आधी नवे सीरम सुरू करण्याची घाई होते. नवे काही सुरू करायचे असेल, तर किमान तीन महिने हाती असावेत.

पार्लरमध्ये सुयांच्या रोलरने व्हिटॅमिन सी आत सोडतात. करावे का?

करू नये. वरून लावण्यासाठी बनवलेले सीरम सुयांच्या छिद्रांतून आत गेले, की त्वचेचे संरक्षक आवरण ओलांडून ते थेट प्रतिकारसंस्थेसमोर येते. अशा उपचारानंतर चेहऱ्यावर टिकून राहणाऱ्या गाठी झालेल्या तीन स्त्रियांची नोंद २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. अशा गाठी साध्या मलमाने बऱ्या होत नाहीत.

त्रास सुरू झाला. पहिल्या दिवशी काय करावे?

नवे सीरम बंद करावे आणि त्याबरोबर इतर सर्व आम्ले, स्क्रब, टोनर आणि मेकअपही बंद करावा. चेहरा कोमट पाण्याने धुऊन, न घासता टिपून घ्यावा. थंड पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ सुती कापडाच्या घड्या दहा-दहा मिनिटे ठेवाव्यात आणि वर साधे व्हॅसलीन लावावे. कोरफड, चंदन, दही यांपैकी काहीही लावू नये, कारण चिडलेल्या त्वचेला नवी ॲलर्जी चटकन जडते. बाहेर जाताना ऊन टाळावे. सनस्क्रीन झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडचे निवडावे. बाटली फेकू नये, तिचा फोटो काढून ठेवावा. खाजेसाठी ॲलर्जीची गोळी घेतल्यास झोप लागते, पण उशिरा येणारे हे पुरळ तिने बरे होत नाही. डोळे सुजले, फोड आले, पू दिसला किंवा तीन-चार दिवसांत उतार पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. खासगी दवाखाना परवडत नसेल, तर सरकारी ससून रुग्णालयाचा त्वचाविकार विभाग आहे.

मेडिकलमधून एखादे मलम दिले तर चालेल ना? शेजाऱ्यांना दोन दिवसांत गुण आला.

दोन दिवसांत गुण देणाऱ्या त्या नळीत बहुधा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांसारखे स्टिरॉइड असते, पुष्कळदा बुरशीविरोधी औषध किंवा हायड्रोक्विनोन (डाग फिकट करणारे औषध) व ट्रेटिनॉइन यांच्याबरोबर. योग्य निदानानंतर, ठरलेल्या दिवसांपुरते, डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइड उपयोगी औषध आहे. स्वतःहून चेहऱ्यावर लावत राहिल्यास कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे आणि लव वाढते, आणि मलम थांबवताच चेहरा आधीहून अधिक पेटतो. हा प्रकार आपल्या देशात इतका पसरला की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनीच त्याला ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’ या अर्थाचे स्वतंत्र नाव दिले, आणि २०१८ मध्ये त्वचेवर लावायच्या अनेक स्टिरॉइडांच्या विक्रीला चिठ्ठी सक्तीची करण्यात आली. आमच्याच व्यवसायातील काहीजण अजूनही ही मलमे सहज देतात, याचे मनापासून दुःख आहे. चिठ्ठीशिवाय दिली तरी घेऊ नयेत.

पॅच टेस्ट म्हणजे काय, आणि ती घरी करता येते का?

दवाखान्यातील पॅच टेस्टमध्ये संशयित पदार्थ लहान चकत्यांत भरून पाठीवर चिकटवतात, ४८ तास ठेवतात आणि काढल्यावर एकदा व ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा तपासतात. भारतात आढळणाऱ्या नेहमीच्या पदार्थांचा एक प्रमाणित संचही आहे. त्या दिवसांत पाठ भिजवता येत नाही आणि घामाने पट्ट्या सुटतात, म्हणून मे महिन्यापेक्षा हिवाळ्यात ही चाचणी सोयीची पडते. आपली उत्पादने बरोबर न्यावीत. आम्लधर्मी सीरम आणि रेटिनॉल मात्र बंद पट्टीखाली कोणाचीही त्वचा भाजू शकतात, त्यामुळे त्यांची चाचणी वेगळ्या पद्धतीने, उघड्यावर करावी लागते. हे तज्ज्ञांवर सोपवावे.

घरी करता येते ती सोपी चाचणी अशी : नवे उत्पादन कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावावे. पूर्वी ॲलर्जी झालेल्यांनी ती चौदा दिवसांपर्यंत वाढवावी. खाजणारे पुरळ आले तर ते चेहऱ्याला लावू नये. एकदाच लावून दुसऱ्या दिवशी पाहिल्याने उशिरा येणारी ॲलर्जी कळत नाही.

मी गरोदर आहे. काय थांबवावे?

ट्रेटिनॉइन, ॲडापलीन, टाझारोटीन आणि रेटिनॉल हे सर्व रेटिनॉइड थांबवावे. त्वचेतून रक्तात जाणारे प्रमाण अल्प असले, तरी या गटातील पोटात घ्यायच्या औषधांमुळे गर्भात गंभीर व्यंगे होतात, म्हणून येथे धोका पत्करत नाहीत. दिवस राहिल्याचे कळण्यापूर्वी क्रीम लावली गेली असेल, तर घाबरून न जाता स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगावे. व्हिटॅमिन सी आणि नायसिनामाइड सामान्यतः चालतात.

तक्रार किंवा नोंद कोठे करावी?

औषध असेल, तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही नोंद करू शकतो. सौंदर्यप्रसाधनाबाबत, विशेषतः ते बनावट किंवा मुदतबाह्य असल्याचा संशय असल्यास, अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयात बाटली, खोके आणि पावती घेऊन जावे.

चेहरा बरा झाला. पुन्हा कधी सुरू करू?

दाह झाला होता असे निदान असेल, तर आग आणि पापुद्रे पूर्ण थांबल्यानंतरही दोन ते चार आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन यांवर राहावे. मग एकच उत्पादन, कमी प्रमाणाचे, आठवड्यातून दोन रात्री सुरू करावे आणि तीन आठवडे त्यात दुसरे काही मिसळू नये. मागे उरलेला काळपटपणा घालवण्यासाठी नव्या बाटलीची घाई करू नये. रोज सनस्क्रीन लावल्यास तो हळूहळू फिकट होतो. ॲलर्जी सिद्ध झाली असेल, तर त्या घटकाचे नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवावे आणि प्रत्येक नवे क्रीम, शाम्पू किंवा मलम घेताना ते दुकानदाराला दाखवावे.